सोलापुरात जास्वंद लावताना आधी वारा अडवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यातल्या फुलझाडांवर जो लेख आला होता, तो आमच्या जुळे सोलापूरच्या गल्लीत बऱ्याच जणींनी कापून ठेवला. कुंड्या सावलीत हलवा, दोन वेळा भरपूर पाणी घाला, दुपारी पानांवर फवारा मारा, असा त्यातला सल्ला. पुण्या-मुंबईकडे तो लागू पडत असेल. आमच्याकडे शेजारणींनी जास्वंदीच्या कुंड्या जिन्याखाली नेल्या आणि पंधरवड्यात कळ्या गळाल्या, खालची पाने पिवळी पडून झडली. मग एकेक जण विचारायला येऊ लागली. प्रत्येकीला तेच सांगण्यापेक्षा आपल्या पत्रव्यवहारातून एकदाच सविस्तर लिहावे असे वाटले. पत्र लांबले आहे. जागेची अडचण असल्यास दोन भागांत छापावे, पण मधला भाग गाळू नये ही विनंती, कारण खरे काम तिथेच आहे.

मला सांगायचे ते असे: सोलापुरात जास्वंदीचा मुख्य वैरी वारा आहे, ऊन त्याच्या मागून येते. जास्वंदीला ऊन लागतेच. दिवसाकाठी पाच-सहा तास चांगले ऊन मिळाले नाही तर ती कळीच धरत नाही. म्हणून जिन्याखालच्या सावलीत ती जगली तरी फुलत नाही. तिला उन्हातच ठेवायचे, पण वाऱ्याच्या तोंडी ठेवायचे नाही.

माझे माहेर लांज्याजवळचे. तिकडे गडग्याच्या कडेला किंवा न्हाणीच्या सांडपाण्यावर फांदी खोचली की जास्वंद होते, मग तिच्याकडे कोणी बघतही नाही. लग्नानंतर सोलापुरात आले ती बुधवार पेठेतल्या जुन्या घरात. तिथे अंगणात सासूबाईंची लाल एकेरी जास्वंद होती. तीन बाजूंनी घरांच्या भिंती आणि पश्चिमेला निरगुडीचे दाट झाड. ऐन मे महिन्यात रोज सकाळी देवापुरती फुले निघायची. पुढे आम्ही जुळे सोलापूरला राहायला आलो. तेव्हा भोवती घरे थोडी, सगळा माळ उघडा. त्याच झाडाची फांदी आणली, पेठेतलीच माती आणली, पाणीही उजनीचेच. झाड जगले, पण पानांच्या कडा तपकिरी होऊन करपायच्या आणि हरभऱ्याएवढ्या झालेल्या कळ्या सकाळी कुंडीभोवती पडलेल्या असायच्या. सासूबाई आल्या, गच्चीवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, इथं पदर सुद्धा डोक्यावर राहीना, झाडाचं काय घेऊन बसलीस." त्यांनी जुनी सुती साडी पश्चिमेकडून आडवी बांधायला लावली. पुढच्या कळ्या टिकल्या.

सासूबाईंनी जे नजरेने ओळखले त्यामागचा हिशेब मी नंतर वाचून समजून घेतला. तो सांगते, कारण तो एकदा कळला की बाकीचे उपाय आपोआप सुचतात. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे पारा 42 अंशांवर असतो आणि हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास. कोकणात त्याच दुपारी 33 अंश आणि 65 टक्के धरा. या आकड्यांवरून बाष्पाचे गणित मांडले तर आपली हवा पानातून कोकणच्या हवेपेक्षा साडेतीनपटीहून जास्त जोराने पाणी ओढते. त्यावर वारा. पानाभोवती ओलसर हवेचा एक पातळ थर असतो, तोच पानाचे थोडेफार रक्षण करतो. वारा तो थर सतत पुसून नेतो. आपल्या कारखान्यांच्या गच्च्यांवर दोरीवर वाळत घातलेले टॉवेल वाऱ्याच्या दिवशी किती लवकर कोरडे होतात ते सगळ्यांनी पाहिलेले आहे. पानाचे तसेच होते. मुळांना तेवढ्या वेगाने पाणी वर पोहोचवता येत नाही. मग झाड पानाखालची रंध्रे मिटून घेते. रंध्रे मिटली की अन्न तयार होणे थांबते, आणि अशा वेळी झाड सर्वांत आधी कळ्या सोडून देते. जिथे जास्वंद मूळची रमली ते सगळे मुलूख दमट. मलेशियाने 1960 साली तिला राष्ट्रीय फूल केले. तिथे वर्षभर पाऊस पडतो आणि हवा ओली असते. तिला आपण पर्जन्यछायेतल्या उघड्या पठारावर आणून लावतो, तेव्हा तिच्याभोवती थोडी ओली, थोडी शांत हवा राखून देणे हे आपले काम.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण सर्वांत जास्त झाडे यापायी जातात. दुपारी जास्वंद मान टाकते आणि घरातले माणूस धावत जाऊन बादलीभर पाणी ओतते. माती ओलीच असते, तरी ओतते. मुळाशी सतत चिखल राहिला की मुळे कुजतात आणि मग झाड खरेच मरते. दुपारी मान टाकलेले झाड सूर्य कलल्यावर आपोआप सावरत असेल तर त्याला पाणी कमी पडलेले नाही, त्याला वारा लागतो आहे. सकाळी सात वाजताही ते मलूल असेल तर मात्र पाणी द्या. बोट दोन पेरे मातीत घालून बघा. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मुठीत माती दाबली तर गोळा होतो पण हाताला पाणी लागत नाही, ती स्थिती कुंडीत राहिली पाहिजे.

आता वारा अडवायचा कसा. पहिला विचार मनात येतो तो भिंतीचा किंवा पत्र्याचा. तसे करू नये. भरीव आडोशावरून वारा उडी मारून पलीकडे खाली येतो आणि तिथे भोवरे करतो. गच्चीच्या कठड्याला चिकटून ठेवलेल्या कुंड्यांतली पाने जास्त का फाटतात, याचे हेच कारण. शिवाय पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत भट्टीसारखी तापलेली राहते. आडोसा अर्धा उघडा, अर्धा बंद असावा. वारा त्यातून गाळून यावा, त्याचा जोर मोडावा. असा झिरपता आडोसा आपल्या उंचीच्या साधारण पाचपट अंतरापर्यंत चांगले काम करतो, आणि दहापटीपर्यंत थोडाफार. म्हणजे पाच फूट उंच जाळी बांधली तर तिच्यामागच्या वीस-पंचवीस फुटांत कुंड्या निर्धास्त.

गच्चीवर 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूला उभी बांधावी. डोक्यावर नव्हे, उभी. आपल्याकडे मार्चपासून दुपारचा कोरडा वारा बहुतेक पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो, आणि मृग लागला की पश्चिम-नैर्ऋत्येचा पावसाळी वारा सुरू होतो. पाऊस येवो न येवो, तो वारा आखाडभर घोंघावतोच. उन्हाळा संपला म्हणून जाळी जूनमध्ये काढून ठेवणारे लोक आहेत. त्यांची झाडे आषाढात मोडतात. जाळी ऑगस्टअखेरपर्यंत राहू द्यावी. बांबू कठड्याला पक्के करावेत, पण जाळी बांबूला सुतळीने बांधावी, तारेने नको. वळवाचे वादळ आले की जाळीचे शीड होते. सुतळी तुटून जाळी मोकळी झाली तर बांबूही वाचतो आणि त्याखालच्या कुंड्याही. जाळीच्या खाली वीतभर फट ठेवली तर गच्चीवरची तापलेली हवा कोंडून राहत नाही.

हे शहाणपण आपल्या भागाला नवे नाही. पानमळेवाल्यांनी ते केव्हापासून जपले आहे. मिरज तालुक्यातल्या आरग, बेडगकडचा पानमळा ज्यांनी आतून पाहिला असेल त्यांना आठवेल: शेवरी, शेवगा, हदगा, पांगारा यांच्या दाटीत नागवेल वाढते आणि बाहेर झळा असताना आत हवा गार, ओलसर लागते. आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्षबागांच्या बांधाला जुन्या साड्या लावलेल्या दिसतात, डाळिंबाच्या बागांवर पांढरे कापड पांघरलेले दिसते. शेतकऱ्याला जे कळते ते आपण शहरातले लोक चार कुंड्यांसाठी का करत नाही, हे मला कळत नाही.

ज्यांना जमिनीत जागा आहे त्यांनी जाळीऐवजी झाडांचाच आडोसा करावा. सर्वांत पश्चिमेला कणखर मंडळी: कण्हेर, शंकासुर, बोगनवेल, निरगुडी, मेंदीचे कुंपण. ही सगळी आपल्या उन्हात, वाऱ्यात, थोड्याशा खाऱ्या पाण्यावरही टिकतात. त्यांच्या पूर्वेला जास्वंद. आणि जास्वंदीच्याही आत, घराच्या पूर्व अंगाला, सोनचाफा आणि अनंतासारखी नाजूक झाडे. या क्रमाने लावलेल्या बागेत प्रत्येक झाड मागच्या झाडाची काळजी घेते. कण्हेर लावताना मात्र घरात लहान मूल किंवा दारात शेळी असेल तर विचार करावा. कण्हेरीचा आणि पिवळ्या बिट्टीचा पाला, बिया, चीक, सगळे विषारी असते.

वाऱ्यानंतर पाण्याचा प्रश्न, आणि सोलापूरकराला तो सांगायला नको. नळाला काही दिवसांआड पाणी येते, मधल्या दिवसांत बोअर. आमच्याकडच्या बहुतेक बोअरच्या पाण्यात क्षार आहेत. कुंडीच्या काठावर पांढरी पापडी धरली की समजावे. माती आधीच चुनखडीची, त्यात हे पाणी. परिणाम जास्वंदीच्या कोवळ्या पानांवर दिसतो: पान पिवळे आणि शिरा तेवढ्या हिरव्या. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण. लोह मातीत असते, पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. लोक यावर अंड्याची टरफले, चुन्याची निवळी, चुलीची राख घालतात, कारण कुठेतरी तसे वाचलेले असते. कोकणातल्या आंबट जांभ्या मातीत ते चालेल. इथे चुन्यात चुना आणि क्षारात क्षार घातल्यासारखे होते, पान आणखी पिवळे पडते. डीएपी खताचा चमचाही घालू नये. त्यातले स्फुरद (फॉस्फरस) जास्त झाले की लोह आणि जस्त अडते, आणि जास्वंदीला तसेही स्फुरद फार लागत नाही.

उपाय साधा आहे. मूठभर हिराकस (फेरस सल्फेट) चांगल्या कुजलेल्या पाटीभर शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून आठ-दहा दिवस मुरू द्यावा आणि मग ते खत सगळ्या कुंड्यांना थोडे थोडे घालावे. नुसता हिराकस मातीत टाकला तर चुना तो लगेच बांधून टाकतो. घाई असेल तर लिटरभर पाण्यात तीन ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबाचे फूल (सायट्रिक अॅसिड) घालून संध्याकाळी पानांवर फवारावे. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे चुन्याने सहज बांधले जाऊ नये अशा रूपातले लोह मिळते, पण घेताना पुडीवर ईडीडीएचए आहे का ते वाचावे. ईडीटीएचे लोह आपल्या चुनखडीच्या मातीत फार टिकत नाही.

आणि कळकळीने सांगते, आरओ फिल्टरच्या नळीतून बाहेर पडणारे पाणी झाडांना घालू नका. वाया कशाला घालवायचे म्हणून घरोघरी ते बादलीत धरतात आणि संध्याकाळी कुंड्यांना ओततात. हेतू चांगला आहे, पण फिल्टरने काढून टाकलेले सगळे क्षार त्याच पाण्यात उतरलेले असतात. कूलरच्या टाकीत उरलेल्या पाण्याचेही तसेच: पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. हे पाणी फरशी पुसायला, संडासात वापरावे. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते. शेजारी कोणाकडे एसी असेल तर तिथे बादली लावा आणि ते पाणी अनंत, एक्झोरा यांना राखून ठेवा. या दोन झाडांना आंबट माती लागते, आणि सोलापुरात अनंत फुलवायचा असेल तर एसीचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी यांशिवाय दुसरा मार्ग मला दिसलेला नाही. वळवाचा पहिला पाऊस पत्र्यावरची धूळ धुऊन गेला की पुढचे पाणी पिंपात धरावे. पावसाळ्यात एकदा प्रत्येक कुंडीतून भरपूर पावसाचे पाणी वाहून जाऊ द्यावे, वर्षाचे क्षार खालून निघून जातात.

पाणी सकाळी सातच्या आत द्यावे. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी हाताला चटका देते, तेच आपण मुळांवर ओततो. दुपारचा पानांवरचा फवाराही आपल्याकडे नको. खाऱ्या पाण्याचा थेंब मिनिटात सुकतो आणि त्याचा क्षार पानावर डाग ठेवतो. हवेत ओलावा हवा असेल तर कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा आणि त्यांच्यामधल्या फरशीवर ओली गोणपाटे अंथरा. एकट्या कुंडीपेक्षा कुंड्यांच्या दाटीत झाड कमी सुकते. काळ्या पिशवीत किंवा काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत झाड ठेवू नये. पश्चिमेच्या बाजूची मुळे अक्षरशः शिजतात. सिमेंटच्या कुंडीला बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्यावा, खाली दोन विटा ठेवाव्यात. मातीवर आच्छादन हवेच. उसाचे पाचट ज्यांना मिळते त्यांनी ते घालावे. आमच्या घरात शेंगदाण्याच्या चटणीसाठी शेंगा फोडल्या जातात, त्याची टरफले मी पाण्यात भिजवून दोन बोटे जाडीने पसरते, खोडापासून थोडी जागा सोडून. माती दोन दिवस जास्त ओली राहते.

पेठेत असताना शेजारच्या पद्मशाली घरातल्या अक्कांकडून मी एक युक्ती शिकले. त्यांच्या घरी माग होता. मागावरचे उरलेले पांढरे सूत त्या करंगळीएवढे जाड वळायच्या. एक टोक पाण्याच्या मडक्यात तळापर्यंत, दुसरे कुंडीच्या मातीत चार बोटे खोल, मडके कुंडीपेक्षा वीतभर उंच. आधी वात पाण्यात पिळून घ्यायची, कोरडी लावली तर पाणी चढत नाही. मग सूत आपोआप थेंबाथेंबाने पाणी ओढते. माणसे आठवडाभर गावाला गेली तरी अक्कांची तुळस आणि जास्वंद हिरवी असायची. सुती वात दोन-तीन महिन्यांत कुजते, पण तेवढ्यात उन्हाळा सरतो. रंगवलेले सूत मात्र घेऊ नये, रंग मातीत उतरतो.

आता झाड कुठले घ्यावे. हातगाडीवर आणि रोपवाटिकांत मोठमोठ्या केशरी, पिवळ्या, दुरंगी फुलांच्या संकरित जास्वंदी असतात, फूल तळहाताएवढे. आपल्याकडे येणारी बरीच रोपे आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या रोपवाटिकांतून येतात. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या दमट हवेत, लाल चिकणमातीच्या गोळ्यात ती वाढलेली असतात. ती एप्रिलात घेऊन थेट गच्चीवर ठेवली तर टिकणार कशी? शिवाय तो लाल गोळा एकदा वाळला की दगड होतो. भोवतालची माती ओली असते आणि आतली मुळे तहानेली राहतात. रोप आणल्यावर गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवावा, बाहेरचा थर बोटांनी हलकेच मोकळा करावा, मगच कुंडीत लावावे. आणि खरेदी उन्हाळ्यात नकोच. गणपती ते दिवाळी हा काळ उत्तम. मार्चपर्यंत मुळे पसरलेली असतात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीला घेतलेले रोपही चालेल, पण त्याला पहिल्या उन्हाळ्यात फुलांची अपेक्षा ठेवू नये, आडोशाला सांभाळावे.

सोलापूरसाठी मी देशी लाल एकेरीलाच पहिला मान देईन. पाच पाकळ्यांची, मधे लांब तुरा. फूल एकच दिवस टिकते, पण झाड बाराही महिने देते. तिच्यानंतर गुलाबी एकेरी, आणि मिरची जास्वंद, जिची फुले उमलतच नाहीत, मिटूनच लोंबतात. लोक तिला कमी लेखतात, पण ती वाऱ्याला भीत नाही. झुंबर जास्वंदीच्या कातरलेल्या पाकळ्या वाऱ्यात फाटतात, ती पूर्वेच्या पडवीत शोभते. संकरित हवीच असेल तर एखादी ठेवा, जाळीच्या अगदी जवळ.

मोगऱ्याविषयी लिहायची गरज नाही, आपला उन्हाळा त्याच्यासाठीच असतो. देवचाफा, अॅडेनियम, मधुमालती, गोकर्ण यांनाही आपली हवा मानवते. सोनचाफ्याला पहिली दोन-तीन वर्षे आडोसा दिला तर पुढे तो स्वतःचे बघतो. हेलिकोनियाची पाने वाऱ्यात केळीच्या पानांसारखी चिरतात. अँथुरियम बाहेर ठेवण्याचा हट्ट करू नये.

छाटणी एप्रिल-मेमध्ये कधीच करू नका. पानांची सावली गेली की उघडी पडलेली साल उन्हाने भाजते. संक्रांतीनंतर थंडी ओसरताना एकदा, आणि आषाढात शेंडे खुडण्यापुरती. आषाढात खुडलेल्या शेंड्यांना गणपतीत भरपूर फुले येतात. बाजारात तेव्हा लाल जास्वंदीचा भाव काय असतो ते सगळ्यांना माहीत आहे. पिठ्या ढेकूण दिसला की आधी मुंग्या बघा, त्याच त्याला पसरवतात. घराभोवतीचे काँग्रेस गवत उपटा, तो तिथे दबा धरून असतो. कोरड्या हवेत पानाखाली लाल कोळी होतो, त्याला पहाटे पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या उलट्या बाजूने पुरतो. निंबोळी तेल आणि साबणाचे पाणी सूर्य मावळल्यावरच मारावे.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. आपण बागेविषयी जे छापता त्यात सोलापूरच्या हवेचा स्वतंत्र रकाना असावा. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्रही शहरात आहे. चुनखडीची माती, खारे पाणी आणि वारा यांची जाण असलेली माणसे आपल्याच गावात आहेत, त्यांच्याकडून महिन्याला एक छोटा मजकूर मागवावा. आणि पावसाळ्यात वृक्षारोपणाच्या बातम्या छापताना, लावलेल्या रोपाच्या पश्चिमेला काय आहे हेही आपल्या वार्ताहरांनी विचारावे. उघड्या मैदानाच्या पश्चिम कडेला आधी निरगुडी आणि शेवरीची एक रांग वाढवली, तर दुसऱ्या वर्षी तिच्यामागे लावलेली फुलझाडे जगतील.

आमच्या लाल एकेरीच्या फांद्या मी आषाढात काढते. पेन्सिलीएवढी जाड, सात-आठ इंच लांब, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरची दोनच पाने ठेवून तीही अर्धी कापलेली. वाळू आणि माती निम्मी-निम्मी, सावलीत, महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. यंदा ज्या जास्तीच्या होतील त्या ओल्या फडक्यात गुंडाळून आपल्या कार्यालयात आणून देईन. ज्या वाचकांना हव्या असतील त्यांनी तिथून न्याव्यात, एवढी सोय आपण करावी.

कळावे,
आपली,
एक नियमित वाचक,
जुळे सोलापूर, सोलापूर